बरगड्या जुळल्या, पण सव्वा वर्षाने कळलं की हृदयाची झडप फाटली आहे. कुणाच्या घरी असं झालंय का?

कान्हकाठ

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, सुदामानगरला राहते. इथे नेहमी वाचते, लिहिते क्वचित. आज मदत हवी आहे म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा. गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या दोन दिवस आधी रात्री फूटी कोठीकडून स्कूटरवर घरी येत होता. रस्त्यात नवा स्पीडब्रेकर झालेला, त्याला पांढरे पट्टे नाहीत, वरचा दिवाही बंद. स्कूटर उसळली आणि हँडल छातीच्या मधोमध बसलं. हेल्मेट होतं, त्यामुळे डोक्याला काही झालं नाही. जवळच्याच एका खाजगी दवाखान्यात नेलं. एक्सरे काढला, दोन बरगड्यांना तडा होता. दुखण्याच्या गोळ्या दिल्या, तीन आठवडे वजन उचलू नका म्हणाले आणि घरी पाठवलं. ईसीजी काढला नाही. काढायचा असतो हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. आईने खजराना गणपतीला लाडू चढवले. आम्हाला वाटलं, थोडक्यात निभावलं.

दिवाळीपासून तो दमायला लागला. पोट जड वाटतं, उजव्या बरगडीखाली भरल्यासारखं होतं, जेवण जात नाही. सोनोग्राफी झाली, लिव्हर थोडं मोठं आहे, फॅटी लिव्हर असेल, वजन कमी करा. मग संध्याकाळी पाय सुजायला लागले, मोज्याचा वण रात्रभर राहायचा. त्यावर मीठ कमी करा. चार महिने असे ॲसिडिटीच्या आणि लिव्हरच्या गोळ्यांत गेले.

शेवटी लक्षात कुणाच्या आलं, तर आमच्या कॉलनीतल्या न्हाव्याच्या. दाढी करता करता तो थांबला आणि म्हणाला, "भैया, ये गले की नस बहोत फडक रही है, किसी को दिखाओ." भाऊ घरी येऊन हसत हसत हे सांगत होता, पण मी त्याची मान पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. कॉलरच्या वर नस अक्षरशः उड्या मारत होती.

टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) निघालं ते असं: ट्रायकस्पिड व्हॉल्व्हचं, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेचं, पुढचं पान सुटून फडफडतं आहे, त्याला धरणाऱ्या दोऱ्या तुटल्या आहेत, गळती खूप आहे आणि हृदयाची उजवी बाजू मोठी झाली आहे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? नव्हता आला. अपघाताची गोष्ट निघाली ती तिसऱ्या भेटीत, तीही आई सहज बोलून गेली म्हणून.

आता सर्जन म्हणताहेत, महिन्याभरात ऑपरेशन करू. भाऊ म्हणतो, मी ऑफिसला जातोय, जिना चढतोय, छाती कशाला फाडून घेऊ? दुसरं म्हणजे, दुरुस्ती होते की व्हॉल्व्ह बदलावाच लागतो? कुणाचा अनुभव असेल तर कृपा करून लिहा.

पोहेप्रेमी

बापरे. त्या न्हाव्याच्या घरी पेढ्यांचा डबा पोचवा आधी.

माळवा एक्सप्रेस

ताई, वाचून वाईट वाटलं. एक शंका मात्र मनापासून विचारतो. हे अपघातामुळेच झालं, असं कशावरून? माझ्या स्वतःच्या इको रिपोर्टमध्ये ट्रायकस्पिडची किंचित गळती लिहिली आहे. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ धडधाकट माणसांत ती दिसते, काळजीचं कारण नाही. तुमच्या भावाला आधीपासूनच काही असेल आणि अपघात मध्येच आला असेल, असंही होऊ शकतं ना?

कान्हकाठ

प्रश्न रास्त आहे, आम्हीही हेच विचारलं होतं. तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या तपासणीत त्याचा टू-डी इको झाला होता. फाइल सापडली. चारही झडपा नॉर्मल.

स्टेथो

मी हृदय शस्त्रक्रियेच्या विभागात भूल देण्याचं काम करतो. रुग्ण पाहिल्याशिवाय सल्ला देत नाही, तो तुमच्या सर्जनचा अधिकार. पण ही इजा होते कशी, हे कळलं तर निर्णय घेणं सोपं जाईल, म्हणून लिहितो.

हृदय पुढून छातीच्या मधल्या हाडाने आणि मागून पाठीच्या कण्याने बंदिस्त असतं. छातीच्या हाडाला अगदी लागून असतो तो उजवा कप्पा. हँडल, स्टिअरिंग किंवा जनावराची लाथ समोरून बसली की पहिला दाब त्याच्यावर येतो. आता वेळ बघा. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतं. प्रत्येक वेळी एक क्षण असा येतो की कप्पा रक्ताने काठोकाठ भरलेला असतो, मागची झडप नुकतीच मिटलेली असते आणि पुढची अजून उघडायची असते. नेमका त्या क्षणी ठोसा बसला तर रक्ताला जायला वाट नाही. रंगपंचमीला तोंड बांधलेला पाण्याचा फुगा मुठीत आवळला तर काय होतं? सगळा जोर मिटलेल्या झडपेवर येतो. झडपेच्या पानांना खालून बारीक दोऱ्या धरून असतात, छत्रीच्या काड्यांसारख्या. त्या तुटतात, नाहीतर त्या जिथे बांधलेल्या असतात तो स्नायूच फाटतो, कधी पान फाटतं. म्हणून एकाच वेगाने पडलेल्या दोघांपैकी एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याची झडप जाते. वरून छातीवर ओरखडाही नसेल.

एवढे महिने लक्षात का आलं नाही? उजव्या कप्प्यातला दाब साधारण २५, डाव्यातला १२०. उजवी झडप गळते तेव्हा रक्त मागे ढकललं जातं ते शिरांमध्ये, कमी दाबाने. शरीर ते सोसत राहतं, कधी महिने, कधी बरीच वर्षं. मागे तुंबलेलं रक्त लिव्हरमध्ये साचतं, मग पायात उतरतं, मानेची शीर प्रत्येक ठोक्याला उसळते. पोटाच्या तक्रारीने सुरुवात झाल्यामुळे माणूस पोटाच्या डॉक्टरकडे जातो. तुमच्या भावाचं अगदी हेच झालंय.

डाव्या बाजूची झडप फाटली की चित्र वेगळं. मायट्रलचा, म्हणजे डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचा, स्नायू तुटला तर फुफ्फुसात पाणी भरतं आणि काही तासांत माणूस अत्यवस्थ होतो. कधी तो स्नायू आधी नुसता ठेचला जातो आणि काही दिवसांनी तुटतो, तेव्हा घरच्यांना वाटतं की माणूस आता बरा होत होता. महाधमनीच्या तोंडाची झडपही फाटते. ती मिटलेली असताना वर धमनीत भरपूर दाब असतो, त्यात बाहेरचा दाब मिळाला की पान चिरतं किंवा मुळातून सुटतं.

भावाचं "मी तर चालतोय" हे म्हणणं मी फार वेळा ऐकलंय. गळती खूप असेल आणि उजवा कप्पा फुगत चालला असेल, तर त्याला चालता येतंय ही ऑपरेशनला थांबण्याची नव्हे, ऑपरेशन करून घेण्याची वेळ असते. कप्पा एकदा थकला, ठोक्यांची लय बिघडली, की झडप नीट करूनही तो पुरता सावरत नाही. आणि सांधेतापाचं विचारलं त्यात चूक नाही. आपल्याकडे झडपा बिघडण्याचं ते फार मोठं कारण आहे, म्हणून ते आधी डोक्यात येतं. फक्त त्याच दमात "छातीला कधी मार लागला होता का?" हेही विचारायला हवं.

देवासची सून

स्टेथो, तुम्ही महाधमनीच्या झडपेचं लिहिलंत आणि माझ्या अंगावर काटा आला. माझे चुलत सासरे सोयाबीनच्या पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर घेऊन नाल्यात गेले. स्टिअरिंग छातीत बसलं. उठून स्वतः चालत घरी आले, हातपाय धुतले, चहा घेतला. रात्री आडवं होता येईना. उशा लावून बसूनच राहिले, खोकल्यातून गुलाबी फेस यायला लागला. पहाटे गाडी करून इंदूरला आणलं. बरगडी एकही मोडली नव्हती! डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले, असा आवाज काल नसणार, हा ताजा आहे. महाधमनीच्या झडपेचं एक पान मुळातून सुटलं होतं. दुसऱ्या दिवशी धातूचा व्हॉल्व्ह बसवला. त्याला नऊ वर्षं झाली. शेतात जातात, ट्रॅक्टर मात्र मुलगा चालवतो.

रात्री घर शांत झालं की त्यांच्या छातीतून टिकटिक ऐकू येते. माझी मुलगी चार वर्षांची असताना सगळ्यांना सांगायची, "दादाजींनी घड्याळ गिळलंय."

पोहेप्रेमी

किती गोड! आणि सेल बदलायची भानगड नाही.

रामबागचा वडीलधारा

माझं वय ७६. आमच्या तरुणपणी आखाड्यात, कबड्डीत छातीवर मार बसला की हळद घातलेलं दूध, मोहरीच्या तेलाने मालिश आणि छाती धोतराने घट्ट बांधणे, एवढंच औषध होतं. बहुतेक बरे व्हायचे. काही नाही व्हायचे. आमचा एक मित्र मलखांबावरून छातीवर आपटला. पुढे दोन-तीन वर्षांत पाय सुजून, पोटात पाणी होऊन गेला. घरचे म्हणायचे, नजर लागली. कान्हकाठ, तुझं लिहिणं वाचलं आणि पन्नास वर्षांनी तो समोर उभा राहिला. त्याचं असंच काही झालं असेल का गं?

कान्हकाठ

काका, आज कसं सांगणार? पण तुम्ही त्यांची आठवण काढलीत, बरं वाटलं.

स्टेथो

काका, हळदीचं दूध खुशाल घ्या. मात्र छाती घट्ट बांधायची नाही, हे नव्या पिढीलाही सांगा. बरगडी मोडलेली असताना बांधलं की माणूस खोल श्वास घेत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. आता उलट दुखणं कमी करून खोल श्वास घ्यायला लावतात. आणि ताज्या मारावर मालिश तर नकोच.

पिथमपूर शिफ्ट

मी गाड्यांच्या कारखान्यात आहे, डॉक्टरीतलं मला कळत नाही, पण स्टिअरिंगचं कळतं. जुन्या गाड्यांत स्टिअरिंगचा दांडा सरळ आणि कडक असायचा. समोरून टक्कर झाली की तोच भाल्यासारखा छातीत यायचा. आता दांडा दाबला जाऊन आत जातो, वर बेल्ट आणि एअरबॅग. पण एअरबॅग बेल्टसोबत काम करण्यासाठी बनवलेली असते. बेल्ट नसेल तर माणूस आधीच पुढे फेकला जातो आणि फुगणाऱ्या बॅगेवर जाऊन आपटतो. आणखी एक. स्टिअरिंगच्या मध्यापासून छाती किमान २५ सेंटिमीटर लांब हवी. आपल्याकडे अर्धे लोक स्टिअरिंगला मिठी मारून गाडी चालवून राहिले आहेत. सीट मागे घ्या भिया, आजच घ्या.

मागे बसणाऱ्यांसाठीही लिहितो. सप्टेंबर २०२२ मध्ये सायरस मिस्त्री पालघरजवळच्या अपघातात गेले, ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर महिनाभर सगळे मागे बेल्ट लावत होते. आता परत विसरलेत.

स्कूटरला मात्र यातलं काहीच नसतं. हँडल आणि छाती यांच्यामध्ये फक्त शर्ट असतो.

सराफ्याची रात्र

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. हा धागा वाचून उद्या निम्मं इंदूर इको करायला रांगेत उभं राहील. जरा कुठे धडपडलं की ईसीजी, इको, सीटी, बिल वीस हजार. माझ्या मुलाला सायकलवरून पडल्यावर सगळ्या तपासण्या करायला लावल्या, काहीही निघालं नाही. भीती दाखवून पैसे उकळणारे कमी आहेत का?

देवासची सून

आमच्याकडे त्या रात्री इको झाला नसता तर सासरे आज नसते. एवढंच सांगते.

सराफ्याची रात्र

वहिनी, तुमचं खरंच आहे. पण त्यांना श्वास घेता येत नव्हता. मी बोलतोय ते काहीच त्रास नसलेल्यांबद्दल.

स्टेथो

दोघांचंही बरोबर आहे, आणि यावर जगभरातल्या ट्रॉमा सर्जनांनी विचार केलेला आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनांच्या संघटनेने जी मार्गदर्शक तत्त्वं मांडली, त्यांचा मथितार्थ असा: छातीवर जोराचा मार बसून हृदयाला इजा झाल्याची शंका असेल तर प्रत्येकाचा ईसीजी काढा. त्याच्या जोडीला रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) बघा. दोन्ही नॉर्मल असतील तर हृदयाला मोठी इजा नाही असं धरून चालता येतं. सरसकट इको सांगितलेला नाही. रक्तदाब सावरत नसेल किंवा ठोक्यांची लय नव्याने बिघडून तशीच राहिली असेल, तर इको. छातीचं मधलं हाड मोडलं एवढ्यावरून हृदयाला इजा झाली असंही धरत नाहीत.

म्हणजे सुरुवात शंभर-दोनशे रुपयांच्या ईसीजीपासून आहे. कान्हकाठच्या भावाचा तोच राहून गेला. ट्रायकस्पिडच्या अशा रुग्णांमध्ये ईसीजीत उजव्या बाजूची विद्युतवाट अडलेली बऱ्याचदा दिसते. तेवढं दिसलं असतं तरी कुणीतरी पुढे बघितलं असतं.

माझ्या मते खरी जागा चुकते ती नंतर. पहिल्या दिवशी ठीक असलेल्या माणसाला कुणी सांगत नाही की पुढच्या काही महिन्यांत दम लागला, पाय सुजले, आडवं झाल्यावर श्वास अडकला, तर परत या आणि या अपघाताची आठवण करून द्या. डिस्चार्जच्या कागदावर दोन ओळी लिहायला काही खर्च नाही.

सराफ्याची रात्र

हे पटलं. दोन ओळींचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

क्रिकेटर की मम्मी

विषय थोडा वेगळा आहे, पण विचारते. मुलगा अकरा वर्षांचा, लेदर बॉलने खेळतो. छातीवर चेंडू लागून मुलं कोसळतात असं वाचलंय. ते पण व्हॉल्व्ह फाटूनच का?

स्टेथो

नाही, ते वेगळं. त्यात हृदयाला वरून-आतून कुठेही जखम नसते. ठोक्याच्या चक्रात जेमतेम काही मिलिसेकंदांचा एक नाजूक क्षण असतो. नेमका तेव्हा चेंडू हृदयाच्या वर बसला तर लय विस्कटते आणि हृदय नुसतं थरथरत राहतं. मुलांची छाती लवचिक असल्यामुळे त्यांच्यात हे जास्त. फार विरळा आहे, खेळ बंद करू नका. पण मूल कोसळलं तर पाणी मारत बसू नका, लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि शॉक देण्याचं यंत्र मागवा. तुमच्या कोचला विचारा की मैदानावर ते यंत्र आहे का आणि छाती दाबणं कुणाला येतं.

माळवा एक्सप्रेस

छाती दाबण्यावरून आठवलं. त्यानेही बरगड्या मोडतात म्हणतात. मग झडपा नाही का फाटणार?

स्टेथो

क्वचित फाटल्याच्या नोंदी आहेत. पण ज्याचं हृदय थांबलंय त्याच्यासाठी तो विचार करायचाच नसतो. दाबा. जिवंत राहिला तर झडपेचं बघता येईल.

ग्वाल्हेरची वरदा

कान्हकाठ, तुझ्या मूळ प्रश्नावर येते, कारण मी त्यातून गेले आहे.

सहा वर्षांपूर्वी आग्र्याहून ग्वाल्हेरला, लश्करच्या घरी परतताना आमची गाडी उभ्या ट्रकला धडकली. मी पुढे बसले होते, बेल्ट होता पण खांद्याचा पट्टा मी काखेखालून घेतला होता, मानेला टोचतो म्हणून. (आता कुणी तसं घेतलं की मी भर रस्त्यात गाडी थांबवते.) फुफ्फुसाला मार होता म्हणून चार दिवस आयसीयूत होते. घरी आल्यावर अकराव्या दिवशी अचानक श्वास कोंडला. मायट्रलच्या दोऱ्या तुटल्या होत्या. तेव्हा मी २८ वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालेलं.

सर्जनने मला आणि नवऱ्याला समोर बसवून कागदावर चित्रं काढून समजावलं. धातूचा व्हॉल्व्ह टिकतो खूप, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. ती गोळी गरोदरपणात बाळाला बाधू शकते, तिच्यासोबत बाळंतपण करणं अवघड. जनावराच्या ऊतीपासून केलेला व्हॉल्व्ह घेतला तर जन्मभर गोळी नाही, पण तरुण माणसात तो लवकर झिजतो, मग पुन्हा ऑपरेशन. आणि तिसरं, जमली तर स्वतःचीच झडप दुरुस्त करायची. ते म्हणाले, अपघातात फाटलेली झडप ही मुळात निरोगी माणसाची झडप असते, सांधेतापाने आखडलेली, चुन्यासारखी कडक झालेली नसते. त्यामुळे ती शिवायला चांगली मिळते. माझ्या तुटलेल्या दोऱ्यांच्या जागी त्यांनी गोर-टेक्सच्या, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या, दोऱ्या लावल्या आणि झडपेच्या कडेला एक रिंग बसवली. माझी मुलगी आता तीन वर्षांची आहे.

पहिले तीन महिने मलाही रक्त पातळ करायची गोळी होती. तेव्हा दर थोड्या दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी. एकदा माहेरी आठवडाभर मेथी, पालक, चाकवत असं चाललं आणि आयएनआर खाली आला. पालेभाजी बंद करायची नसते, रोज साधारण सारखीच खायची असते, हे मला नर्सबाईंनी शिकवलं.

भावाशी बोलायचं असेल तर माझा नंबर तुला निरोपातून पाठवते. मी पण ऑपरेशनच्या आधी रडून रडून नको म्हणाले होते.

सुई-दोरा

मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. वरदाताईंनी इतकं छान लिहिलंय की फक्त एक भर घालते. ट्रायकस्पिड बदलायची वेळ आलीच तर तिथे बहुतेक ठिकाणी ऊतीचा व्हॉल्व्ह पसंत करतात. उजव्या बाजूला रक्त कमी दाबाने, हळू वाहतं, तिथे धातूच्या व्हॉल्व्हवर गुठळी व्हायचा धोका जास्त. पण दुरुस्ती जमली तर तिच्यासारखं काही नाही, आणि ती जितकी लवकर तितकी चांगली जमते. फार थांबलं की कप्पा ताणला जातो, झडपेचा घेर मोठा होतो, पानं एकमेकांना पुरत नाहीत.

माळवा एक्सप्रेस

व्हॉल्व्हची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. माझ्या मावशीला धातूचा व्हॉल्व्ह आहे, तो भारतात बनलेला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने कित्येक वर्षं खपून तो तयार केला. आधीची मॉडेल अपयशी ठरली, तरी त्यांनी सोडलं नाही. १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवला. त्याआधी बाहेरून येणारा व्हॉल्व्ह साध्या माणसाला परवडायचाच नाही. २०२४ मध्ये वलियाथन गेले तेव्हा मावशीने देवासमोर दिवा लावला. तिने त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

रामबागचा वडीलधारा

हे मला माहीत नव्हतं. नमस्कार त्या माणसाला.

पिथमपूर शिफ्ट

पैशांबद्दल एक माहिती. रस्त्यावरच्या अपघातासाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना लागू झाली आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार, योजनेतल्या दवाखान्यांत. कान्हकाठताईंच्या भावाला आता त्याचा उपयोग नाही, पण इतरांनी लक्षात ठेवा. आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. ऑपरेशनआधी दवाखान्याच्या आयुष्मान खिडकीवर जाऊन आपलं पॅकेज कशात बसतं ते विचारून घ्या.

कान्हकाठ

तुमच्यापैकी कुणालाच मी पाहिलेलं नाही, तरी गेल्या पाच दिवसांत घरात तुमचीच नावं आहेत. काल रात्री वरदा भावाशी पाऊण तास बोलली. मी दाराबाहेर उभी होते. तो म्हणत होता, "ताई, मला भीती वाटून राहिली आहे." आम्हाला हे तो एकदाही म्हणाला नव्हता. आम्हाला सांगायचा ते ऑफिस आणि जिना. सकाळी उठून म्हणाला, तारीख घ्या.

ग्वाल्हेरची वरदा

❤️ भीती वाटणारच गं. सांगितली हे चांगलं झालं.

सुई-दोरा

तयारीचं: दात तपासून घ्या ऑपरेशनच्या आधी. हिरड्यांत पू असेल तर तो जंतू रक्तातून नव्या रिंगेवर जाऊन बसू शकतो. पुढेही दात काढायचा, खोल सफाई करायची असेल तेव्हा दंतवैद्याला सांगायचं की झडपेत रिंग आहे, आधी प्रतिजैविक लागतं. हे लोक विसरतात.

कान्हकाठ

साडेतीन आठवड्यांनी लिहिते आहे. झालं ऑपरेशन.

आत काय निघालं ते सर्जननी बाहेर येऊन सांगितलं. पुढच्या पानाच्या तीन दोऱ्या स्नायूपासून उपटल्या गेल्या होत्या आणि त्यांची टोकं जुनी, गोल झालेली होती. पानाच्या कडेला एक लहान चीर होती, तिच्याही कडा पांढऱ्या, घट्ट झालेल्या. म्हणाले, ही जखम ताजी नाही, वर्षभराची तरी आहे. माळवा एक्सप्रेस, तुमच्या प्रश्नाचं याहून पक्कं उत्तर मिळालं नसतं. चीर शिवली, गोर-टेक्सच्या दोऱ्या लावल्या, रिंग बसवली. व्हॉल्व्ह बदलावा लागला नाही! काल इको झाला, गळती अगदी किंचित उरली आहे. उजवा कप्पा अजून मोठा आहे, त्याला काही महिने लागतील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत पाच मिनिटं आत सोडलं तेव्हा मी आधी त्याच्या मानेकडे पाहिलं. शांत होती. न्हावीभैया परवा घरी येऊन त्याची दाढी करून गेले, पैसे घेतले नाहीत.

आता तो विचारतोय, स्कूटर कधी?

स्टेथो

खूप छान बातमी! छातीचं हाड तारेने बांधलेलं आहे, ते जुळायला सहा ते आठ आठवडे, पुरतं घट्ट व्हायला तीन महिने. तोवर स्कूटर नाही, कार चालवणंही नाही, दोन-तीन किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही, उठताना हातांवर जोर द्यायचा नाही. खोकला आला तर उशी छातीशी धरून खोकायचं. चालणं मात्र रोज वाढवा.

रामबागचा वडीलधारा

बाळा, त्याला म्हणावं स्कूटर तिथेच आहे, पळून नाही जात.

पोहेप्रेमी

तीन महिन्यांनी सगळे मिळून छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत भेटू. भाऊ चालत येईल, आम्ही पोहे-जलेबी घेऊन थांबतो.

नवा सभासद, महू

नमस्कार. नाव नोंदवलं ते फक्त हे विचारायला. वडील ६३ वर्षांचे. दोन महिन्यांपूर्वी मानपूरजवळ गाडी दुभाजकाला लागली, स्टिअरिंग छातीला बसलं. सीटी झाला होता, फक्त बरगड्या. आता पंधरा दिवस झाले, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, चिंता करतात. कुणाकडे जायचं?

स्टेथो

दोन उशांची गोष्ट उद्यावर टाकू नका. इमर्जन्सीत जा, ईसीजी आणि इको होईल अशा ठिकाणी.

कान्हकाठ

आत्ता निघा. केसपेपर करताना पहिल्याच ओळीत अपघाताची तारीख लिहायला लावा, आणि छातीला स्टिअरिंग लागलं होतं हे स्वतःच्या तोंडाने सांगा, कुणी विचारेपर्यंत थांबू नका. जुना सीटी, जुने रिपोर्ट सगळं सोबत घ्या. इंदूरला येत असाल तर मला निरोप टाका, मी येते.

नवा सभासद, महू

गाडी काढली आहे. फाइल घेतली. राऊपर्यंत पोचलो की निरोप करतो.